राजगड टी-सेट

३ नोव्हेंबर १९६८, रविवार

आज कानंदीच्या पात्रात एका दगडावर बसलो होतो. सहज एक गोटा उचलला. पाण्याने घासून घासून गुळगुळीत झालेला, पोट फुगलेलं, एका अंगाला चोच. हातात धरला आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. ही केटली आहे. आतून पोकळ नाही, एवढंच.

दिवाळीत पुण्याला गेलो होतो तेव्हा एका दुकानाच्या काचेत मातीचा टी-सेट मांडलेला पाहिला. लोक वाकून वाकून बघत होते. माती कुठल्या तरी लांबच्या प्रांतातली. आमच्या वेल्ह्यात काय कमी आहे? डोंगर आहे, नदी आहे, झाडं आहेत, आणि ड्रॉइंग मास्तर आहे.

संकल्प: दगड, साल, पानं, बिया यांच्या आकारांवरून रोजच्या वापराची भांडी. केटली, कप, बशा, साखरेचा डबा. नाव राजगड टी-सेट. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी पुण्याच्या दुकानात. पुढच्या वर्षी मुंबई. त्यानंतर शाळेत शिकवायला वेळ मिळेल असं वाटत नाही.

घरी येऊन अंजनाला सगळं समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि मग विचारलं, रॉकेल आणलं का. बाहेर पडलो होतो ते रॉकेल आणायलाच.

४ नोव्हेंबर

स्टाफरूममध्ये जाहीर केलं. हेडमास्तर रामभाऊ म्हणाले, छान, पण गॅदरिंगचे बोर्ड रंगवायचे राहिलेत. मोठ्या माणसाच्या आयुष्यात असे लोक भेटतातच. मोठा म्हणजे मी.

७ नोव्हेंबर

साहित्य जमवणं जोरात चालू. ऐनाची साल (अगदी सुसरीच्या पाठीसारखी), सागाची पानं, बेहड्याच्या बिया, कारवीच्या काटक्या. ओसरी भरली. अंजना रोज झाडलोट करते आणि रोज माझा एखादा अमूल्य नमुना चुलीत जातो. तिचं म्हणणं, सरपण कुठलं आणि साहित्य कुठलं हे बघणाऱ्याला कळेल असं ठेवा. कलेचा गंध नसलेल्या घरात राहणं सोपं नाही.

९ नोव्हेंबर, शनिवार

शाळेच्या खिडकीच्या कोपऱ्यात कुंभारमाशीचं घर सापडलं. मातीचं, सुपारीएवढं, इवलंसं मडकंच. साखरेच्या डब्यासाठी याच्यापेक्षा चांगला नमुना शोधूनही मिळणार नाही. अलगद काढून खिशात ठेवलं. घर रिकामं असेल असा अंदाज होता.

संध्याकाळी: अंदाज चुकला. मालकीण घरातच होती. उजवा अंगठा वांग्यासारखा सुजलाय. अंजनाने चुना लावला. हसली नाही, पण चुना लावताना तोंड दुसरीकडे वळवून बसली होती.

१० नोव्हेंबर, रविवार

गावाच्या खालच्या अंगाला कोंडिबा कुंभाराचं घर आहे. तिथे गेलो. आज चाक शिकायचं, पुढच्या रविवारी कप, त्याच्या पुढच्या रविवारी केटली, असा प्रोग्रॅम आखला होता.

कोंडिबा गप्पिष्ट माणूस. त्याचा जावई पिंपरीच्या कारखान्यात लागला, तिथे जेवणाची सुट्टी भोंगा वाजवून देतात, हे त्याने मला सविस्तर सांगितलं. मी आलो याचा त्याला फार आनंद झाला, कारण ही हकीकत गावात बाकी सगळ्यांची ऐकून झाली आहे. त्याची बायको जाईबाई कमी बोलते. तिने मला एक जुनं धोतर दिलं आणि कपड्यांवरून गुंडाळून घ्या म्हणाली. मी म्हटलं, गरज पडणार नाही.

चाक दगडी, जड. काठीने गरगर फिरवतात. मातीचा गोळा मध्यावर ठेवला, हात लावला. गोळा चाक सोडून गेला. थोडा भिंतीवर, थोडा माझ्या चष्म्यावर, बाकीचा कोंडिबाच्या कोंबड्यांच्या दिशेने.

घरी येताना नीट विचार केला. निसर्गात चाक कुठे आहे? झाड चाकावर होत नाही. गोटा चाकावर होत नाही. मग माझी केटली चाकावर का व्हावी? निर्णय: सगळं काम हातानेच करायचं. या मुद्द्यावर माझं आणि निसर्गाचं एकमत आहे.

१७ नोव्हेंबर, रविवार

कोंडिबाची माती वापरणार नाही. ती तळ्यातली, आणि तिच्यात तो घोड्याची लीद आणि राख मिसळतो. चहाच्या भांड्यात लीद? शिवाय नाव राजगड असेल तर माती राजगडाचीच हवी. म्हणून आज एस.टी.ने पालीला गेलो आणि गडाच्या पायथ्याची लाल माती पोतंभर घेतली. काय रंग आहे. कुंकवासारखा.

परतताना कंडक्टरने लगेजचं तिकीट फाडलं. मी म्हटलं, ही माती ऐतिहासिक आहे. तो म्हणाला, असू द्या, वजन आहे. पोत्याला खाली भोक होतं हे मला ठाऊक नव्हतं. शेजारच्या आजोबांचं पांढरं धोतर वेल्ह्यापर्यंत गुलाबी झालं. ते लेकीकडे निघाले होते. त्यांनी मला जे सुनावलं ते इथे लिहीत नाही.

२४ नोव्हेंबर, रविवार

कामाला सुरुवात. कोंडिबाच्या अंगणात एक कोपरा मिळालाय. सकाळपासून कप करतोय. ऐनाची साल ओल्या मातीवर दाबायची आणि मग गुंडाळायचं. बाहेरून कप हुबेहूब झाडासारखा दिसतो. कान कारवीच्या काटकीचा, खराखुरा. कोंडिबा म्हणाला, काटकी भट्टीत जळंल. मी म्हटलं, बघू.

दुपारी अंजना डबा घेऊन आली. मी कामात होतो, म्हणून ती जाईबाईजवळ बसली. जाईबाई मडकं थापत होती. आतून दगड धरायचा आणि बाहेरून लाकडी थापीने हलकेच ठोकत ठोकत मडकं फुगवत न्यायचं. अंजनाला तेवढाच विरंगुळा.

१ डिसेंबर, रविवार

वाळताना कपांना चिरा पडल्या. कारण वारा. या दिवसांत वेल्ह्याला वारा फार सुटतो. जाईबाई म्हणाली, मातीत काही मिसळलं न्हाई म्हून. हे तिचं मत.

अंजना आज डबा घेऊन लवकर आली. डब्यात फक्त भाकरी आणि चटणी. भाजी करायला वेळ झाला नाही म्हणाली. मग इतक्या लवकर कशी आली?

१५ डिसेंबर, रविवार

नवीन कप. या वेळी आडोशाला वाळवतोय. केटलीही झाली. तो नदीतला गोटा समोर ठेवून केली. पोट झकास. नाकाची ठेवण तर अशी की बघणाऱ्याने बघतच राहावं. कोंडिबा बराच वेळ बघत राहिला. मग जावयाविषयी बोलू लागला. कलेपुढे माणूस असाच अवघडतो.

अंजनाने जाईबाईच्या मदतीने पाण्याचा चंबू केला. साधाच आहे. मानेभोवती कारवीची काटकी दाबून गोल वळ उठवलेत. मी विचारलं, हे कशासाठी. म्हणाली, ओल्या हातातून निसटू नये म्हणून. नंतर कुंपणातला सागरगोटा घेऊन तो चंबू बाहेरून घासत बसली, चकचकीत होईपर्यंत. मी तिला समजावलं की निसर्गाची प्रेरणा म्हणजे असं नव्हे, त्यामागे कल्पना लागते. तिने मान हलवली आणि घासत राहिली.

५ जानेवारी १९६९, रविवार

संक्रांत जवळ आली. कोंडिबाच्या अंगणात पाय ठेवायला जागा नाही, सगळीकडे सुगडंच सुगडं. त्याने मला जरा बाजूला बसा म्हणून सांगितलं. मी बाजूला बसलो. मग त्याही बाजूला सुगडं आली. शेवटी मी रस्त्यावर होतो. अंजना मात्र आत होती, सुगडांना रंग देत होती. येताना वाणासाठी पाच सुगडं घेऊन आली. घरमालकीण बनाबाई म्हणाली, मास्तरांच्या घरची बाई कुंभाराच्या दारात चिखल चिवडती, शोभतं का? अंजना सुगडं घेऊन आत गेली. मी काही बोललो नाही. भाड्याचं घर आहे.

१९ जानेवारी, रविवार

आज भट्टी. महत्त्वाचा दिवस. माझे कप, बशा, साखरेचा डबा आणि केटली मधोमध ठेवा असं मी सांगितलं होतं. कोंडिबाने एका कडेला ठेवले. म्हणाला, फुटलं तर दुसऱ्याला लागू नये. विनोदी माणूस आहे.

संध्याकाळी: आतून फटाके वाजल्यासारखे आवाज आले. कोंडिबा मोजत होता, मग त्याने मोजणं सोडून दिलं.

२० जानेवारी, सोमवार

भट्टी उघडली. कपांपैकी काही आहेत. काटक्यांचे कान जळून गेले, पण त्यांच्या जागी सुंदर पोकळी राहिली आहे. साखरेचा डबा आणि त्याचं झाकण एकमेकांना कायमचे चिकटले. केटली मात्र सहीसलामत. डोळ्यांत पाणी आलं.

घरी आणून पाणी भरलं आणि अंजनाला पेला धरायला सांगितला. पाणी येईना. आणखी वाकवली. येईना. अंजनाने केटली घेतली, नाकात एक काडी घालून बघितली आणि हलक्या आवाजात म्हणाली की हे नाक आतपर्यंत गेलेलंच नाही.

म्हणजे नाक बाहेरून चिकटवलं, पण पोटाला भोक पाडायचं राहिलं. किरकोळ गोष्ट आहे. शिल्प म्हणून केटली पूर्ण आहे.

अंजनाचा चंबू निघाला ठीक. पाणी भरून खिडकीत ठेवलाय. दुपारी दोनदा त्यातलं पाणी प्यायलो. गार असतं. नंतर आठवलं की ती जाईबाईची माती. म्हणजे लीद. तोपर्यंत संध्याकाळ झाली होती, तहान लागली होती, पुन्हा प्यायलो.

२ फेब्रुवारी, रविवार

कपांची दुसरी खेप चांगली भाजली, कान या वेळी मातीचेच. (मातीत जाईबाईने माझं लक्ष नसताना काही तरी मिसळलं असावं. विचारलं नाही.) केटलीसुद्धा नवी केली, या वेळी भोक पाडलं. मोठंच पाडलं. आता प्रत्यक्ष वापर. कापूरहोळच्या नाक्यावर चिमाजीचं हॉटेल आहे. तो माझ्या ओळखीचा. रोज शेकडो लोक चहा पितात. ट्रकवाले, एस.टी.वाले, भोरला जाणारे. एकदा का त्यांच्या ओठांना राजगड कप लागला की काम झालं.

९ फेब्रुवारी, रविवार

टोपलीत पेंढा घालून कप घेऊन कापूरहोळला गेलो. अंजनाने वाटेत प्यायला चंबूत पाणी दिलं होतं.

चिमाजीने माझ्यासमोरच पहिला कप एका ट्रक ड्रायव्हरला दिला. सरदारजी होता. त्याने घोट घेतला, कप खाली ठेवला आणि ओठ चाचपले. ऐनाची साल काठावरही उमटली होती, ती लागली म्हणे. जिवंत पोत म्हटल्यावर जाणवणारच. दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या हातात कान राहिला आणि कप टेबलावर. तिसऱ्याचा कप चांगला होता, पण सागाच्या पानाच्या बशीत त्याने चहा ओतला तेव्हा तो पानाच्या शिरांमधून थेट त्याच्या विजारीवर गेला. पान पाणी वाहून नेण्यासाठीच असतं. बशीने पानाचा स्वभाव घेतला, यात बशीची चूक काय?

शेवटी चिमाजी माझ्याजवळ येऊन बसला. म्हणाला, "मास्तर, कप लई देखणा हाये. पन च्या कपात ऱ्हायला पायजे."

देखणा हाये. हे त्याचे शब्द. लिहून ठेवतोय.

येताना घाईत चंबू तिथेच राहिला. चिमाजीने गल्ल्यावर ठेवून घेतलाय, पाणी गार राहतं म्हणून. असू दे. राजगड सेटची जाहिरात.

२३ फेब्रुवारी, रविवार

पुण्याच्या त्या दुकानाला पत्र टाकलं. सगळी योजना चार पानांत मांडली. सोबत केटलीचं चित्र. चित्रात ती फार छान दिसते.

अंजनाने दुसरा चंबू केला. आणि एक झाकणीचं भांडं, दह्यासाठी. झाकणीची मूठ बेहड्याच्या फळासारखी. कल्पना माझ्या साहित्यातलीच, पण मी काही बोललो नाही. मन मोठं ठेवायचं.

५ मार्च

उत्तर आलं. उत्तर आलं. दुकानाच्या बाई आणि त्यांचे यजमान सोळा तारखेला राजगड बघायला येणार आहेत, जाता जाता वेल्ह्याला डोकावतील. मी पोस्टकार्ड घेऊन थेट रामभाऊंच्या केबिनमध्ये गेलो आणि सांगितलं की सुट्टीनंतर मी शाळेत येणार नाही, दुसरा ड्रॉइंग मास्तर बघा. रामभाऊ म्हणाले, लेखी द्या. सोळा तारखेनंतर देतो म्हटलं.

अंजनाला सांगितलं. तिने पोस्टकार्ड उलटसुलट करून बघितलं. मग म्हणाली, सतरा तारखेपर्यंत थांबलात हे बरं केलं.

१६ मार्च, रविवार. सकाळी

ओसरी सारवून घेतली. पांढरी चादर. मधोमध केटली, भोवती कप, मागे ऐनाची साल आणि नदीतला गोटा. भाषण पाठ आहे. अंजनाला सांगितलंय की चहा स्टीलच्या पेल्यांतच आण, माझ्या कपांवर पाहुण्यांच्या समोर प्रयोग नको.

संध्याकाळी

बाई साध्या होत्या, हातमागाची साडी. यजमान जाडसर, पांढरी पँट. मी भाषण सुरू केलं. बाई ऐकत होत्या, पण नजर इकडे तिकडे. यजमानांनी केटली उचलली. त्यात पाणी होतं, ते मी दाखवण्यासाठी भरून ठेवलं होतं. त्यांनी ती वाकवली. नाक झाकणापेक्षा उंच असल्यामुळे पाणी आधी झाकणातून आलं. सगळं. पांढऱ्या पँटवर.

त्यांना टॉवेल देईपर्यंत बाईंनी विचारलं, "कापूरहोळच्या हॉटेलात एक चंबू बघितला. मानेवर वळ आहेत. हॉटेलवाला म्हणाला, मास्तरांच्या घरचा. तसा आणखी आहे का?"

मी म्हटलं, त्याच प्रेरणेतून आलेला हा टी-सेट...

दारात अंजना चहा घेऊन उभी होती. म्हणाली, "हाये की. आत पाणी भरून ठिवलाय."

तिने चंबू आणला. बाईंनी हात ओला करून तो मानेला धरला, उलटा केला, सरळ केला, पाणी ओतून बघितलं. एक थेंबही बाहेर सांडला नाही. मग दह्याचं भांडं बघितलं. झाकणी काढली, घातली. पुन्हा काढली, घातली.

"कुणी केलंय हे?"

मी घसा खाकरला. गुरू आणि शिष्य यांच्या नात्याबद्दल दोन शब्द बोलावेत असा विचार होता.

"म्या," अंजना म्हणाली.

बाई तिच्याशी बराच वेळ बोलत बसल्या. सागरगोटा कसा घासतेस, कारवी ओली घेतेस की वाळलेली. अंजना एरवी पाहुण्यांसमोर तोंड उघडत नाही. आज हात हलवून हलवून सांगत होती. सुट्टीच्या आत चंबू आणि दह्याची भांडी पाठवशील का, असं बाईंनी विचारलं. अंजना म्हणाली, विचारून कळवते.

माझ्या कपांविषयी त्या म्हणाल्या, मेहनत दिसते.

डोकं दुखतंय. लवकर झोपतो.

१७ मार्च

शाळा. फळा पुसला.

१८ मार्च

काही नाही.

१९ मार्च, गुढीपाडवा

शांतपणे विचार केला. शिष्याचं यश हे गुरूचंच यश. साहित्य मी आणलं. कुंभाराकडे आधी मी गेलो. डबा आणायला मीच सांगितलं होतं. म्हणजे तो चंबू बारा आणे माझाच. बरं वाटलं. श्रीखंड दोनदा घेतलं.

२० मार्च

अंजनाने बाईंना अजून कळवलं नाही. आज कळलं का ते. बनाबाईने पुन्हा सुनावलं. शिवरेला अंजनाच्या माहेरीही बातमी गेली म्हणे, मास्तरीण कुंभारवाड्यात राबते. आणि तिचा मोठा भाऊ मानसिंग निरोप पाठवतो की पावण्यांत नाव जातंय.

संध्याकाळी मी ओसरीवर बसलो होतो. ती येऊन समोर उभी राहिली. म्हणाली, "तुमी न्हाई म्हनला तर म्या न्हाई जायची. पन राग धरून व्हय म्हनू नका. तसलं व्हय मला नगं."

लग्नाला इतकी वर्षं झाली. एवढं सरळ ती माझ्याशी कधी बोलली नव्हती. आत गेलो, पाणी प्यावं म्हणून चंबू उचलला. हात ओलाच होता, तोंड धुऊन आलो होतो. निसटला नाही. बोटं आपोआप त्या वळांत जाऊन बसली. किती दिवस मी यातून पाणी पितोय, आणि आज पहिल्यांदा याच्याकडे बघत होतो. मान कुठे बारीक होते, पोट कुठे सुरू होतं. ड्रॉइंग मास्तर आहे मी. दिसतं मला. बघायचं ठरवलं तर.

पाणी न पिताच नदीवर जाऊन आलो. तिथे बसलो. गोटे पुष्कळ होते, एकही उचलला नाही.

परत येऊन तिला म्हटलं, "जा. राग नाही."

तिने माझ्या तोंडाकडे नीट बघितलं. खात्री पटली असावी, कारण लगेच म्हणाली, मग रविवारी सैपाक तुमी बघा.

मानसिंगरावांना मी स्वतः पत्र लिहिलं. लिहिलं की हे काम माझ्या सांगण्यावरून आणि माझ्या देखरेखीखाली चाललं आहे, काही विचारायचं असेल तर मला विचारा. देखरेखीखाली हा शब्द मला आवडला. बनाबाईलाही जाऊन तेच सांगितलं. ती म्हणाली, भाडं वेळेवर देत जा मग. म्हणजे मिटलं.

२३ मार्च, रविवार

पिठलं केलं. गुठळ्या झाल्या. निरनिराळ्या आकाराच्या, नदीतल्या गोट्यांसारख्या. डबा घेऊन कोंडिबाकडे गेलो. जाईबाईने खाल्लं आणि पुढच्या वेळी पीठ आधी गार पाण्यात कालवा म्हणून सांगितलं. कोंडिबाने दोनदा मागून घेतलं. जावयाच्या कँटीनमध्येही असंच मिळतं म्हणाला.

७ एप्रिल

रामभाऊंकडे गेलो. सांगितलं की विद्यार्थ्यांचा विचार करून मी राजीनाम्याचा बेत सोडला आहे, त्याग म्हणा हवं तर. रामभाऊंनी टाइमटेबल पुढे केलं. जूनच्या टाइमटेबलमध्ये माझं नाव होतंच. ते मार्चमध्येच तयार झालं होतं. शिवाय पी.टी.चा एक तास वाढवलाय.

२७ एप्रिल, रविवार

बाईंनी लेबल मागवलंय. हे माझं क्षेत्र. तीन दिवस बसून केलं: राजगड, उगवता सूर्य, नदी, ऐनाचं झाड, दोन मोर, खाली वेलबुट्टी. अंजनाने बघितलं. छान म्हणाली. मग विचारलं, नाव कुठं लिवायचं. नावाला जागा राहिली नव्हती. शेवटी एक कोरा कागद घेऊन त्यावर नुसतं 'अंजना, वेल्हे' लिहिलं. अक्षर मात्र माझं.

४ मे, रविवार

कालची भट्टी आज उघडली. एकही फुटलं नाही. अंजना एकेक चंबू उचलून बोटाने वाजवत होती, खणखणीत. जाईबाई तिच्याकडे बघून हसली, पहिल्यांदाच. पेंढ्यात भरण्याचं काम माझ्याकडे होतं. दोन फुटले. मग ते काम कोंडिबाकडे गेलं.

दुपारच्या एस.टी.च्या टपावर खोके चढवले. तोच कंडक्टर. अंजना स्वतः पुण्याला गेली, एकटी, पदर खोचून, तिकीट स्वतः काढून. गाडी वळेपर्यंत मी हात करत होतो. ती बघत होती, पण टपावरच्या खोक्यांकडे.

११ मे, रविवार

अंजना सोमवारीच परतली. पुण्यातली खेप बाईंना पसंत पडली, पावसाळ्याआधी आणखी हवंय. सगळे मिळून कामाची वाटणी झाली. अंजना आणि जाईबाई थापणार. भट्टी कोंडिबा बघणार. डिझाइन आणि मार्गदर्शन हा विभाग माझ्याकडे असेल असं मी गृहीत धरून वही-पेन्सिल घेऊन गेलो होतो.

कोंडिबाचे गुडघे धरलेत. त्यामुळे माती तुडवायला माणूस नव्हता. जाईबाईने मला विजार वर करून खड्ड्यात उतरायला सांगितलं. उतरलो. लीद, राख, तळ्याची माती, सगळं पायांखाली. दिवसभर तुडवत होतो. अंजना मधूनमधून येऊन चिमूटभर घ्यायची, बोटांत चोळायची आणि सांगायची, अजून.

संध्याकाळी जाईबाईने एक गोळा उचलला, दाबला, मोडून बघितला. म्हणाली, "मास्तर, माती चांगली मळलीय. पाय लई चांगलं हायेत तुमचं."

उद्यापासून रोज सकाळी, शाळा उघडेपर्यंत. हाफ पँट शिवायला टाकली आहे.